शिकारीच्या साहित्यासाठी पॅराकॉर्डच्या वस्तू घरी कशा कराव्यात

माझा बंदुकीचा पहिला पट्टा चार बोटे विणायचा राहिला आणि दोरी संपली. पॅराकॉर्डला जोड देऊन विणकाम पुढे नेता येते, पण ज्या पट्ट्यावर वजन लोंबणार आहे त्यात मधोमध जोड असावा हे मला पटेना, म्हणून दोन संध्याकाळींचे काम उसवून बाजूला ठेवावे लागले. दुसरा पट्टा मापाने बरोबर उतरला, पण पहिल्याच पावसात सैल पडून गुडघ्यापर्यंत लोंबू लागला. या दोन्ही चुका विणीच्या नव्हत्या, विणायला बसण्याआधीच्या होत्या. नवीन माणूस विणीचे नमुने शोधण्यात वेळ घालवतो, पण खरे प्रश्न दोरीची निवड, माप आणि वस्तूचे काम हेच असतात.

त्यातही एक प्रश्न प्रत्येक वस्तूच्या आधी स्वतःला विचारावा: ही दोरी काही झाले तरी सुटता कामा नये, की वेळ आली तर तिने सुटलेच पाहिजे? बंदुकीचा पट्टा पहिल्या प्रकारातला आहे आणि गळ्यात घालायची शिट्टीची दोरी दुसऱ्या. दोन्ही दिसायला सारख्याच, एकाच विणीच्या असू शकतात, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

१. दोरी पारखून घ्या

पॅराकॉर्ड म्हणजे मुळात पॅराशूटची छत्री आणि तिला लोंबकळणारा माणूस यांना जोडणारी दोरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक जमिनीवर उतरल्यावर हीच दोरी कापून इतर कामांना वापरू लागले आणि तिथून ती सर्वत्र पसरली. आपल्या कामाची दोरी म्हणजे ‘टाइप तीन’ किंवा ‘५५०’ या नावाने विकली जाणारी. ५५० हा आकडा पौंडांतला असून दोरीने किमान तेवढा ताण, म्हणजे सुमारे २५० किलो, तुटण्यापूर्वी सोसावा असा त्याचा अर्थ आहे. जाडी साधारण ४ मिलिमीटर असते. वर गोल विणलेले नायलॉनचे आवरण आणि आत सात ते नऊ सुटी सुते अशी तिची रचना असते. सैनिकी मापाच्या दोरीत प्रत्येक सूत तीन धाग्यांच्या पिळाचे असते, तर बाजारात मिळणाऱ्या चांगल्या दोरीत ते बहुधा दोन धाग्यांचे असते.

‘पॅराकॉर्ड’ या नावाखाली काहीही विकले जाते, हा पहिला सापळा. आवरण तेच, रंग तोच, पण आत सुतांऐवजी कापसासारखा पिंजलेला भराव असतो. म्हणून मोठे बंडल घेण्याआधी हातभर तुकडा घ्या, टोक कापा आणि आवरण मागे सारून सुते मोजा. दुसरी परीक्षा पाण्याची. बोटभर तुकडा पाण्यात बुडवून, दाबून आतली हवा काढा आणि सोडा. नायलॉन बुडते, पॉलिप्रॉपिलीन तरंगते. पॉलिप्रॉपिलीन कमी उष्णतेला वितळते आणि उन्हात लवकर ठिसूळ होते, त्यामुळे या कामाला ते नको.

२५० किलोच्या आकड्यावर फार विसंबू नये. गाठ मारली की त्या जागी दोरीची ताकद बरीच घटते, काही गाठींत जवळजवळ निम्म्यावर येते. नायलॉन भिजले की आणखी थोडे कमजोर होते आणि लांबतेही. एकेरी दोरीवर नेहमी टांगायचे वजन तुटण्याच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे २५ किलोच्या आत, ठेवावे असा हिशेब मी पाळतो.

२. काय काय लागेल

- पॅराकॉर्ड. सुरुवातीला ३० मीटरचे एक बंडल पुरे होते.
- २ मिलिमीटरच्या आसपासची बारीक नायलॉन दोरी, थोडीशी.
- धारदार कात्री. बोथट कात्रीने आवरण कुरतडले जाते आणि टोकाला फुलोरा येतो.
- लायटर.
- मोजपट्टी आणि कागदी चिकटपट्टी.
- लांब टोकाचा, अडकून राहणारा चिमटा आणि एक दाभण. शेवटची टोके विणीखालून ओढताना यांच्याशिवाय नखे तुटतात.
- ओढ बसताच आपोआप सुटणारा प्लॅस्टिकचा जोड. हा फक्त शिट्ट्यांच्या गळपट्ट्यासाठी.
- बंदुकीच्या पट्ट्यासाठी दोन फिरत्या कड्या, तुमच्या बंदुकीच्या खुंट्यांना बसतील अशा. या बाबतीत स्वस्तात भागवू नये.
- एक फळी आणि दोन खिळे. विणताना दोरी ताणून धरायला विकतची चौकट मिळते, पण फळी तेच काम करते.

३. आधी भिजवा, मग मोजा

नायलॉनची नवी दोरी पहिल्यांदा भिजून वाळली की आकसते. विणून झाल्यावर आकसली तर मनगटाचा पट्टा रुततो आणि मुठीवरचे वेढे वेडेवाकडे होतात. म्हणून दोरी सुटी करून, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, पिळून सावलीत पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतरच मोजपट्टी लावा. पावसात सैल पडलेल्या माझ्या पट्ट्याचे दुखणे याच्या पुढचे होते. दोरी भिजवलेली होती, पण वीण हलक्या हाताची होती. भिजलेले नायलॉन थोडे लांबले, सैल वीण वजनाखाली सरकत गेली आणि दोन्ही मिळून पट्टा लोंबला.

मापाचा हिशेब सोपा आहे. या लेखात वापरलेल्या कोब्रा विणीत (तिची रीत पाचव्या भागात आहे) तयार विणीच्या लांबीच्या सुमारे बारापट दोरी जाते. म्हणजे १० सेंटिमीटर विणीला १२० सेंटिमीटर. यात गाभ्याचे, म्हणजे विणीच्या मधून सरळ जाणारे, दोन पदर धरलेले आहेत. यावर ३० सेंटिमीटर जास्तीचे ठेवा, कारण शेवटी हातात बोटभर टोक उरले तर ते ओढून घट्ट करता येत नाही. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. घट्ट विणणाऱ्याची दोरी जास्त लागते. म्हणून पहिल्या लहान वस्तूच्या वेळी किती दोरी घेतली, किती उरली आणि वीण किती लांब झाली हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या वस्तूंना तुमच्या हाताचे तेच माप लागू पडते.

४. टोके जाळण्याची रीत

कापलेले टोक जाळून बंद केले नाही तर आवरण उसवते आणि आतली सुते बाहेर येतात. लायटरच्या ज्योतीचा निळा भाग टोकाजवळ न्या, थेट पिवळ्या ज्योतीत धरू नका. पिवळ्या ज्योतीने काजळी धरते आणि टोक काळे पडते. टोक पारदर्शक होऊन चकाकू लागले की ज्योत बाजूला करा आणि कात्रीच्या पात्याच्या सपाट बाजूने ते दाबा. बोटाने दाबू नका. वितळलेले नायलॉन कातडीला चिकटून बसते, झटकले तरी पडत नाही आणि चिकटलेल्या जागी भाजतच राहते. हे काम खिडकी उघडी ठेवून, मांडीवर काही नसताना करावे, कारण वितळलेला थेंब खाली पडतो.

जाळलेले टोक थंड झाल्यावर बोट फिरवून बघा. धारदार कंगोरा राहिला असेल तर तो पुढे गळ्याला किंवा तळहाताला ओरखडतो. पुन्हा किंचित तापवून सपाट करा.

५. पहिली वस्तू: चाकूची दोरी

सुरुवात हिच्यापासून करावी असे मला वाटते, कारण चुकले तरी वाया जाणारी दोरी थोडी असते. मुठीच्या टोकाला विणलेली बोटभर जाडीची दोरी असली की हातमोजे घातलेल्या हाताने चाकू म्यानातून ओढता येतो आणि गवतात पडला तर सापडतो.

७ सेंटिमीटर विणीसाठी सव्वा मीटर दोरी घ्या. तिचा मध्य धरून दुमडा आणि तो दुमडा मुठीच्या छिद्रातून ओवा. इथे हमखास अडचण येते: ४ मिलिमीटरच्या दोरीचे दोन पदर बसतील एवढे छिद्र बहुतेक चाकूंना नसते. छिद्र मोठे करायच्या भरीस पडू नका. बारीक दोरीचा तुकडा छिद्रातून ओवून, निरगाठ मारून, टोके जाळून एक लहान कडे तयार करा आणि जाड दोरी त्या कड्यात ओवा. याचा दुसरा फायदा असा की दोरी कुठे अडकून जोराचा हिसका बसलाच तर बारीक कडे आधी तुटते.

आता दुमडा ९ सेंटिमीटर खाली लोंबू द्या. त्याचे दोन पदर म्हणजे गाभा. उरलेली दोन लांब टोके, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, विणायची आहेत.

- डावे टोक गाभ्याच्या पुढून उजवीकडे न्या. डाव्या बाजूला एक फासा मोकळा राहील.
- उजवे टोक या आडव्या आलेल्या टोकाच्या वरून खाली आणा, गाभ्याच्या मागून डावीकडे न्या आणि डावीकडच्या फाशातून पुढे काढा.
- दोन्ही टोके सारख्या जोराने ओढून गाठ कड्याला भिडवा.
- पुढची गाठ उलट बाजूने: उजवे टोक पुढून डावीकडे, डावे टोक त्याच्या वरून, गाभ्याच्या मागून आणि उजव्या फाशातून पुढे.

बाजू आलटून पालटून घेतली की वीण सपाट येते. सलग एकाच बाजूने सुरुवात करत राहिलात तर वीण स्वतःभोवती पिळत जाते. मध्येच फोन वाजला आणि कोणती बाजू राहिली हे विसरलात, तर विणीच्या कडेला पाहा: पुढून आडव्या गेलेल्या पदराचा फुगीर कड ज्या बाजूला शेवटचा दिसतो, ती बाजू होऊन गेली आहे, आता दुसरीची पाळी. प्रत्येक गाठीला ओढण्याचा जोर सारखा ठेवणे हीच खरी कसरत आहे. नवशिक्याची वीण वर घट्ट आणि खाली सैल असते, कारण हात दमतात. हात दमले की थांबावे.

खाली २ सेंटिमीटरचा फासा उरला की थांबा. दोन्ही टोके दाभणाने मागच्या शेवटच्या दोन गाठींखालून ओढून घ्या, ५ मिलिमीटर ठेवून कापा आणि जाळून विणीवर दाबा. नुसते कापून जाळलेले टोक वापरात निसटते, गाठींखालून गेलेले निसटत नाही.

६. मुठीवरचे वेढे

पॅराकॉर्ड म्हटले की चाकूच्या मुठीवर गुंडाळायचा मोह सगळ्यांना होतो. मला तो फारसा मान्य नाही. जनावर सोलायच्या चाकूच्या मुठीवर वेढे असतील तर रक्त आणि चरबी विणीत शिरते, धुऊन निघत नाही, दोन दिवसांत वास मारते आणि वेढ्यांखाली ओल राहून पोलादाला गंज चढतो. गुळगुळीत मूठ पुसून स्वच्छ होते. तिला तसेच राहू द्यावे.

कुऱ्हाडीच्या दांड्याला किंवा विजेरीला मात्र वेढे उपयोगी पडतात. त्यासाठी आतली सगळी सुते ओढून काढा, म्हणजे आवरण फितीसारखे चपटे पडते. ते भिजवून, ओले असतानाच ताणून गुंडाळा. वाळताना ते आणखी आवळते. दोरी किती लागेल हे काढण्यासाठी दांड्याचा घेर गुणिले वेढ्यांची संख्या करून त्यात अर्धा मीटर मिळवा. सुरुवातीचे टोक वेढ्यांखाली दाबून न्यावे आणि शेवटचे टोक शेवटच्या चार वेढ्यांखालून चिमट्याने ओढून काढावे. काढलेली सुते फेकू नका.

७. शिट्ट्यांचा गळपट्टा

बदकाला किंवा हरणाला साद घालायच्या शिट्ट्या गळ्यात असल्या की हात मोकळे राहतात. इथे वरचा प्रश्न पुन्हा आठवा. ही दोरी सुटलीच पाहिजे. झाडावरून उतरताना फांदीत अडकली, काट्यांतून सरपटताना गुंतली, पळणाऱ्या कुत्र्याच्या पायात आली, तर ५५० ची दोरी तुटणार नाही. ती गळ्यावर आवळेल.

म्हणून मानेच्या मागे, दोरीच्या मधोमध, ओढ बसताच आपोआप सुटणारा प्लॅस्टिकचा जोड बसवायचाच. बसवल्यावर तो खरोखर सुटतो का हे गळ्यात न घालता तपासा: एक बाजू दाराच्या कडीला अडकवा आणि दुसरी हाताने ओढा. साध्या हिसक्याला सुटला पाहिजे. बॅगांना येतो तो दोन्ही कडा दाबून उघडायचा चापाचा जोड इथे चालत नाही. तो ताणाने उघडत नाही. दिसायला दोन्ही जोड सारखे असल्याने ही चूक मी जाणत्या माणसांच्या गळ्यातही पाहिली आहे.

लांबी अशी ठेवा की शिट्टी छातीच्या मध्यावर येईल आणि मान न वाकवता ओठांपर्यंत पोहोचेल. त्याहून खाली गेली तर वाकताना पट्ट्याच्या बकलावर आपटते. मानेवर येणारा भाग विणू नका. तिथे सपाट, एकेरी दोरी उकाड्यात आणि जाड कॉलरखाली जास्त सुखाची वाटते. वीण फक्त पुढच्या दोन्ही बाजूंना घ्या आणि शिट्ट्यांसाठी बारीक दोरीचे सुटे फासे त्या विणीत अडकवा, म्हणजे शिट्टी बदलता येते.

८. बंदुकीचा पट्टा

हा शेवटी करायचा, कारण इथे चुकीची किंमत मोठी आहे. काम सुरू करण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, आणि शक्यतो माप घेण्यापुरतीच ती हाताशी ठेवून मग कुलपात ठेवा. पट्टा फळीवर विणला जातो, बंदुकीवर नाही.

७५ सेंटिमीटर विणीसाठी गाभ्याचे चार पदर घ्यावेत. दोन पदरांचा पट्टा खांद्यात रुततो. गाभा जाड झाला की विणीला दोरीही जास्त लागते, म्हणून बारापटीच्या हिशेबाने येणाऱ्या ९ मीटरऐवजी गाभ्यासकट १३ मीटर घेऊन बसा. लांब टोके दरवेळी फाशातून ओढणे जिवावर येते. त्यांची लहान वेटोळी करून चिकटपट्टीने बांधा आणि लागेल तशी दोरी सोडत चला.

गाभ्याची दोरी दोन्ही कड्यांतून पूर्ण फिरून आलेली असावी, म्हणजे वजन विणीवर न येता गाभ्यावर येते. गाभ्याची दोन टोके जिथे भेटतात ती जागा कडीजवळ घ्या आणि तिथे दुहेरी कोळीगाठ मारा: प्रत्येक टोकाने दुसऱ्या दोरीभोवती दोन वेढे घेऊन स्वतःच्याच वेढ्यांतून बाहेर यायचे, मग दोन्ही गाठी एकमेकींवर ओढून भिडवायच्या. वीण त्या गाठीवरून पुढे न्यावी. नुसती जाळून चिकटवलेली टोके म्हणजे जोड नव्हे. ती हाताने ओढून बघा, पुष्कळदा निघून येतात.

तयार पट्टा बंदुकीला लावण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बंदुकीच्या तिप्पट वजनाची वाळूची पिशवी पट्ट्याला टांगून रात्रभर ठेवा, नंतर पट्टा भिजवून पुन्हा एक रात्र ठेवा. सकाळी लांबी मोजा. सुरुवातीला थोडा लांबतो, ते चालेल. दुसऱ्या रात्रीनंतरही लांबतच असेल तर वीण सैल आहे, उसवून पुन्हा विणावी. आणि रुंद, शिवलेल्या पट्ट्याइतका विणलेला पट्टा कधीही स्थिर नसतो हे मान्य करून टाकावे. चालताना तो किंचित उसळतो. दिवसभर चढ चढायचा असेल तर मी अजूनही शिवलेलाच पट्टा नेतो.

९. आवाज, रंग आणि वास

लोखंडी कडी कडीवर आपटल्याचा आवाज शांत रानात फार लांब जातो. धातूच्या कड्यांवर कापडी चिकटपट्टी गुंडाळा किंवा तापवून आकसणारी रबरी नळी चढवा. तयार वस्तू कानाजवळ धरून हलवून बघणे ही साधी परीक्षा पुरते.

रंगाच्या बाबतीत लोक उगाच मातकट आणि हिरव्याच्या मागे लागतात. हरणांना नारिंगी आणि लाल रंग आपल्यासारखे उठून दिसत नाहीत, निळा मात्र त्यांना चांगला दिसतो. त्यामुळे पानगळीत हरवू नये म्हणून चाकूची दोरी नारिंगी केली तर फारसे बिघडत नाही, पण निळी दोरी टाळावी. कपडे उजळ करणाऱ्या पावडरींनी दोरी धुऊ नका. त्यांतली उजळवणारी द्रव्ये अतिनील किरणांत चमकतात आणि ती चमक हरणांना जाणवते. जळक्या नायलॉनचा वासही काही दिवस टिकतो. तयार वस्तू बिनवासाच्या साबणाने धुऊन आठवडाभर उघड्यावर, पण सावलीत, टांगून ठेवा.

१०. कशासाठी वापरू नये आणि केव्हा बदलावी

झाडावरच्या मचाणावर स्वतःला बांधून घेण्यासाठी पॅराकॉर्ड कधीही वापरू नये, दुहेरी नाही आणि विणलेलीही नाही. पडणाऱ्या शरीराचा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. तिथे त्या कामासाठी बनवलेला पट्टाच हवा. मचाणावर सामान ओढून घ्यायला मात्र न विणलेली १० मीटर दोरी चांगली: धनुष्य, पाठपिशवी, आणि बंदूक असेल तर रिकामी, गोळी भरायची जागा उघडी आणि नळी खाली तोंड करून. दोरीचा कोणताही भाग चापाजवळ येऊ देऊ नका.

हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या वस्तू खिडकीच्या उजेडात घेऊन बघा. नायलॉन उन्हाने हळूहळू खराब होते. रंग विटला, आवरण हाताला कोरडे आणि केसाळ लागू लागले की तो त्याचा इशारा असतो. सर्वांत आधी झिजते ती कडीत घासणारी जागा. तिथली वीण थोडी सरकवून गाभा पाहा. आवरणातून पांढरे सूत डोकावत असेल तर बंदुकीचा पट्टा त्याच दिवशी बाद करा. बाद झालेल्या पट्ट्याचा न झिजलेला भाग उसवून त्यातली सुते काढून घ्या आणि मुठीच्या वेढ्यांतून उरलेल्या सुतांबरोबर एका डबीत गुंडाळून ठेवा. फाटलेली पाठपिशवी शिवायला यापेक्षा चिवट धागा रानात मिळत नाही.